नागपूरहून नामिबिया: गाडी स्वतः चालवत वाळवंट ते एटोशा

नामिबियाचा नकाशा टेबलावर पसरला की राजधानी विंडहुक आणि वाळूच्या टेकड्यांचं सोसुसव्लेई बोटभर अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात मध्ये साधारण साडेतीनशे किलोमीटर आहेत, त्यातला बराचसा रस्ता गिट्टीचा आहे आणि पोचायला पाच-सहा तास लागतात. वाटेत ढाबा लागत नाही, कित्येकदा तासभर समोरून गाडीही येत नाही. देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत ३० लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या नागपूर शहराएवढी. सहल आखताना ही दोन मापं शेजारी ठेवली की पुढचं सगळं त्यातून निघतं. इथे दिवस उजेडाने, किलोमीटरने आणि टाकीतल्या डिझेलने मोजायचा. कोणती ठिकाणं बघायची ते त्यानंतर ठरवायचं.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. रानातली डबकी आटतात, गवत बसतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. ताडोब्यात एप्रिल-मेमध्ये घडतं तेच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, हा आपला मोठा फायदा आहे. जूनचा पहिला पंधरवडा कुटुंबासाठी उत्तम. ऑगस्टमध्ये युरोपातल्या सुट्यांची गर्दी असते आणि एटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या आतले मुक्काम कित्येक महिने आधी भरलेले असतात. दिवाळीच्या सुटीत जायचं तर जनावरं भरपूर दिसतात, पण ऊन कडक असतं आणि नोव्हेंबरपासून पावसाची सुरुवात होऊ शकते.

पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्या माणसाला वाळवंटाच्या उन्हाची भीती वाटत नाही, आणि म्हणूनच तो स्वेटर घरी ठेवून येतो. जून-जुलैत सोसुसव्लेईच्या प्रवेशदाराशी असलेल्या सेसरिमची रात्र शून्याच्या जवळ जाते. विंडहुक समुद्रसपाटीपासून साडेसोळाशे मीटरच्या वर आहे. स्वाकोपमुंडच्या किनाऱ्यालगत बेंग्वेलाचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे तिथे बारा महिने सकाळी धुकं आणि गार वारा. थर्मल, लोकरीची टोपी आणि वारा अडवणारं जॅकेट हवंच. हवा इतकी कोरडी की दोन दिवसांत ओठ आणि टाचा फुटतात. व्हॅसलीनची डबी बॅगेत तळाशी न ठेवता खिशात ठेवा.

कागदपत्रं

१ एप्रिल २०२५ पासून नामिबियाने व्हिसाच्या व्यवस्थेत मोठे बदल केले आहेत. त्याआधी जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. नवी दिल्लीतल्या नामिबियाच्या हाय कमिशनकडून आणि त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरून चालू नियम बघा आणि मगच तिकीट काढा. मुलं सोबत असतील तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला ठेवा. पालकांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं.

नागपूरहून आधी मुंबई किंवा दिल्ली, तिथून अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे विंडहुक. परदेशातले दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं घेतली तर जोहान्सबर्गला सामान उचलायला बाहेर पडावं लागतं, आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा हवा. इथेच लोक अडकतात. नागपूर-मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये किमान सहा तास ठेवा. पावसाळ्यात मुंबईची विमानं लांबतात, आणि देशांतर्गत टर्मिनल वेगळं असेल तर सामानासकट रस्त्याने जावं लागतं. आदल्या रात्रीची विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो पकडून सकाळी मुंबईत पोचणं हा जुना मार्ग अजूनही बिनघोर आहे.

अदिसमार्गे जात असाल तर पीतज्वराच्या लशीचा विचार आधी करा. इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथे बारा तासांहून जास्त थांबलात तर नामिबिया प्रमाणपत्र मागते, आणि परतताना आपल्याकडचे आरोग्य अधिकारी जास्त कडक असतात; प्रमाणपत्र नसलेल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि ती दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. हिवतापाची गोळी मात्र एटोशा आणि त्याच्या उत्तरेसाठीच, तीही मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत. विंडहुक, सोसुसव्लेई आणि स्वाकोपमुंडला ती काळजी नाही. डॉक्टरांना महिना आणि मार्ग दोन्ही सांगून विचारा.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या हद्दीच्या आरटीओतून मिळतो: शहराला एमएच ३१, पूर्व नागपूरला एमएच ४९, ग्रामीणला एमएच ४०. नमुना ४ए भरून सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि मूळ लायसन्स. शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. नामिबियात मूळ लायसन्सही सोबत लागतं. नुसता परवाना दाखवून गाडी मिळत नाही. गाडी दोघं चालवणार असतील तर दोघांची नावं भाडेकरारात लिहून घ्या. करारात नाव नसलेल्याने गाडी ठोकली तर विमा हात वर करतो.

पैसे, पिना आणि डबा

चलन नामिबियन डॉलर. तो दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेला आहे आणि रँड देशभर चालतो. उलट मात्र होत नाही: नामिबियन डॉलर सीमेपलीकडे कोणी घेत नाही. म्हणून शेवटच्या तीन दिवसांत एटीएममधून बेताने काढा. शहरात कार्ड चालतं, पण आडवाटेच्या पंपावर मशीन बंद असलं तर रोकडच कामाला येते. एक भरलेली टाकी होईल एवढे पैसे कायम वेगळ्या पाकिटात.

तिथला प्लग तीन जाड गोल पिनांचा, आपल्या गीझर-एसीच्या १५-१६ अँपिअरच्या पिनेसारखा. त्यासाठी महागडा विदेशी अ‍ॅडॅप्टर घेऊ नका. सीताबर्डीत विजेच्या सामानाच्या दुकानातून मोठ्या पिनेचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. एका सॉकेटवर सगळ्यांचे मोबाइल, कॅमेरा आणि टॉर्च चार्ज होतात.

हा मांसाहारी देश आहे. ब्राई म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, आणि विंडहुकच्या काटुटुरा भागात कपाना म्हणजे रस्त्यावर भाजून, तिखट-मीठ लावून दिलेलं गोमांस. शाकाहारी माणसाला लॉजमध्ये तिसऱ्या दिवशीही बटाटे आणि सॅलड येतं. चहाची आणि फोडणीची सोय स्वतः केली तर प्रवास सुखाचा होतो. छपरावर तंबू असलेली गाडी घेतलीत तर तिच्यासोबत गॅसची शेगडी, भांडी आणि छोटा फ्रिज मिळतो. विंडहुकमधल्या मोठ्या किराणा दुकानातून चौघांच्या तीन दिवसांसाठी दोन किलो तांदूळ, एक किलो मसूर, दोन किलो बटाटे, दीड किलो कांदे, अंडी, तेल आणि ब्रेड घ्या. नागपूरहून पोहे, हळद, तिखट, सावजी मसाल्याची पुडी आणि घट्ट झाकणाचं लोणचं पुरे. संत्री, ताजी भाजी, बियाणं आणि खव्याची मिठाई विमानतळावर अडते, नेऊ नका. उत्तरेकडे गेलात तर तिथलं मुख्य धान्य महांगू म्हणून समोर येईल. ती आपली बाजरीच.

विंडहुकचं नळाचं पाणी निर्धास्त प्या. सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचं काम या शहराने १९६८ मध्ये सुरू केलं, जगात सगळ्यात आधी. शहर सोडताना गाडीत वीस लिटरचा एक कॅन भरून ठेवा आणि त्याला फक्त अडचणीतच हात लावा. रोजच्या पिण्यासाठी माणशी तीन-चार लिटर वेगळं.

गाडी ताब्यात घेताना

ठरावीक मार्गावर साधी उंच गाडी चालते, पण चौघांना सामानासकट हायलक्ससारखी डबल कॅब, चारही चाकांना जोर देणारी गाडी घेणंच शहाणपणाचं. ताबा घेताना पाऊण तास द्या. घाई करू नका, समोरचा माणूस करत असला तरी.

दोन स्टेपनी आहेत का ते डोळ्यांनी बघा आणि दोन्हींतली हवा मोजा. एक स्टेपनी सहसा गाडीखाली साखळीने टांगलेली असते; ती खाली उतरवायचा दांडा कुठे आहे आणि तो कुठल्या भोकात घालायचा हे तिथल्याच माणसाकडून एकदा करवून घ्या. चाकाच्या नटांना कुलूप असेल तर त्याची चावी. जॅक, पाना, हवेचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज चालवून बघा. फोर व्हील ड्राइव्हचं बटण किंवा दांडा कसा टाकायचा ते तिथेच शिका. काचेवरचे टवके आणि चाकांच्या रिमवरचे ओरखडे मोबाइलवर व्हिडिओत घ्या, तारीख बोलून.

विम्याचा कागद वाचताना ‘पूर्ण विमा’ या शब्दांवर जाऊ नका. टायर, काच, गाडीचा खालचा भाग, वाळूने आणि पाण्याने झालेलं नुकसान, आणि दुसरी गाडी नसताना आपणच उलटलो तर, या पाच गोष्टी त्यात आहेत का हे एकेक करून विचारा. नामिबियातले बहुतेक खर्च याच पाचांतून येतात. रात्री शहराबाहेर चालवलेल्या गाडीला बऱ्याच करारांत विमा लागूच होत नाही.

गिट्टीचा रस्ता

गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने आपल्याला पहिल्या तासातच घरच्यासारखं वाटतं. अडचण नेमकी त्यानंतर सुरू होते. बी अक्षराचे रस्ते डांबरी, सी आणि डी बहुतेक गिट्टीचे. डांबरावर वेगमर्यादा १२०, गावात ६०. गिट्टीवर कायदा काहीही म्हणो, ८० च्या पुढे काटा जाऊ देऊ नका. भाड्याच्या अनेक गाड्यांत वेग नोंदवणारं यंत्र असतं आणि त्याच आकड्यावर ते ओरडतं.

कारण असं. घट्ट मुरमावर सुट्या गोट्यांचा थर असतो. सावकाश जाताना टायर गोटे बाजूला सारून खालची जमीन पकडतो. वेग वाढला की तो गोट्यांवरच तरंगतो, बॉल-बेअरिंगवर ठेवल्यासारखा. वळणावर मागचं अंग बाहेर सरकतं. घाबरून ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग उलट्या बाजूला ओढलं की पुढची चाकं एकदम पकड घेतात आणि उंच गाडी आडवी होते. समोर कोणी नसताना, सरळ रस्त्यावर गाड्या उलटतात त्या अशा. मागचं अंग हललं तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, ब्रेकला शिवू नका, जिथे जायचं तिकडे नजर ठेवून स्टीअरिंग थोडंसंच द्या. गाडी स्वतः सरळ होते.

टायरची हवा रस्त्याप्रमाणे बदलायची. भरलेल्या डबल कॅबसाठी डांबरावर साधारण ३२ पीएसआय, गिट्टीवर २६, खोल वाळूत १५-१६. गाडीवाल्याने वेगळा आकडा दिला तर त्याचा माना. हवा कमी केली की टायर टोकदार दगडावर दबतो, चिरत नाही, आणि हाडं खिळखिळी करणाऱ्या त्या पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर धक्केही कमी बसतात. पण कमी हवेत डांबरावर १०० ने गेलात तर टायर तापून फुटतो. म्हणून डांबर लागलं की थांबा आणि कॉम्प्रेसर काढा. चार चाकांना वीसेक मिनिटं लागतात; दिवसाच्या हिशोबात ती धरा.

समोरून गाडी आली तर वेग निम्मा करून डावीकडे सरा, नाहीतर तिच्या चाकाचा गोटा काच फोडतो. धुळीत ओव्हरटेक करू नका. हेडलाइट दिवसाही चालू. पंक्चर झालं तर शक्य तितक्या कडक जमिनीवर गाडी आणा. जॅक मुरमात खचतो, म्हणून त्याखाली फूटभर लाकडी फळी किंवा सपाट दगड. चाक हवेत असताना गाडीखाली हात घालू नका. आणि पंक्चर झालेली स्टेपनी पुढच्या गावात दुरुस्त करूनच पुढे निघा. दुसरं पंक्चर पहिल्याची वाट बघत नाही.

सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामाला पोचायचं हा नियम मोडू नका. जूनमध्ये सूर्य साडेसातला उगवतो आणि सहाच्या थोडं पुढे मावळतो, म्हणजे गाडी चालवायला साडेनऊ तासच. अंधारात कुडू नावाचं मोठं हरीण कुंपणावरून थेट रस्त्यावर उडी मारतं, गाढवं आणि गुरं डांबराच्या उबेला येऊन बसतात.

डिझेलचा हिशोब सोपा: शंभर किलोमीटरला १२ लिटर धरा आणि टाकी अर्धी झाली की जो पंप दिसेल तिथे भरा. ‘पुढे मिळेल’ हे वाक्य इथे चालत नाही. पंपावर माणूस भरून देतो, काचही पुसतो. त्याला पाच-दहा डॉलर द्यायची रीत आहे. मोबाइलचं सिम विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घ्या, पण शहरं सोडली की रेंज तासन् तास जाते. नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि कागदी नकाशाही सोबत.

बारा रात्रींची आखणी

पहिली रात्र विंडहुक, मग सेसरिमला दोन, स्वाकोपमुंडला तीन, ग्रॅनाइटच्या डोंगरांच्या स्पिट्झकॉपेला एक, एटोशात चार आणि परत विंडहुकला एक. दहा दिवसच असतील तर ठिकाण गाळा, मुक्काम छोटे करू नका. दक्षिणेतली फिश रिव्हर दरी पहिल्या खेपेत घालायचा मोह होतो; त्यापायी तीन दिवस गाडीतच जातात.

विंडहुकमध्ये अर्धा दिवस पुरतो. १९१० मधलं ख्रिस्तुसकिर्खे हे जर्मन चर्च, समोर २०१४ मध्ये उघडलेलं स्वातंत्र्य स्मारक संग्रहालय आणि जवळच टिंटेनपालास्ट, म्हणजे संसद, एवढं पायी होतं. संग्रहालय टाळू नका. १९०४ ते १९०८ दरम्यान जर्मन वसाहतीने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, आणि २१ मार्च १९९० ला हा देश दक्षिण आफ्रिकेपासून स्वतंत्र झाला. हे माहीत असलं की पुढे स्वाकोपमुंडच्या देखण्या जर्मन इमारती वेगळ्या नजरेने दिसतात. शिंगांच्या आकाराचं शिरोवस्त्र आणि घेरदार झगा घातलेल्या हेरेरो बायका दिसतील. फोटोआधी नमस्कार करून विचारा. तिथे कुठल्याही कामाची सुरुवात ‘कसे आहात’ विचारून होते, थेट मुद्द्यावर येणं उद्धटपणाचं वाटतं. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका आणि अंधार पडल्यावर शहरात पायी फिरू नका.

सोसुसव्लेई

सेसरिमला दोन दारं आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. उद्यानाच्या आतल्या मुक्कामातल्यांसाठीचं आतलं दार त्याआधी तासभर. हा एक तास म्हणजे या ठिकाणचं सर्वस्व: टेकड्यांची एक बाजू केशरी आणि दुसरी काळी, ही धार सूर्य दोन हात वर आला की पुसट होत जाते. म्हणून सेसरिमच्या आतल्या कॅम्पसाइटचं आरक्षण सगळ्यात आधी करा, विमानाच्याही आधी.

दारापासून ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, पंचेचाळिसाव्या किलोमीटरला ड्यून ४५. डांबर संपतं तिथे वाहनतळ, आणि पुढचे पाच किलोमीटर भुसभुशीत वाळू. वाळूचा सराव नसेल तर तिथून सुटणारी शटल घ्या. यात कमीपणा काही नाही. स्वतः जायचं तर हवा १५-१६ वर आणा, फोर व्हील टाका, एक गिअर धरून सारख्या वेगात चला, मध्ये थांबू नका. गाडी रुतली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबणं लगेच थांबवा. चाक जितकं फिरतं तितकं खाली जातं आणि गाडी पोटावर बसते. चाकांपुढची-मागची वाळू हाताने काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडा आणि आपण आलो त्याच चाकोरीतून मागे या.

वाळूच्या या वाटेच्या टोकाला दुसरा वाहनतळ आहे; डेडव्लेई, म्हणजे वाळलेल्या झाडांचं कोरडं मैदान, तिथून वाळूतून पायी साधारण एक किलोमीटर. नदीचं पाणी वाळूच्या टेकड्यांनी अडवलं आणि कॅमलथॉर्नची झाडं सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीही नाहीत, उन्हाने काळी पडून उभी आहेत. त्यांना टेकू नका, मुलांना चढू देऊ नका. शेजारची बिग डॅडी टेकडी सव्वातीनशे मीटरची. चढायची तर धारेवरून, सूर्योदयालाच, माणशी दोन लिटर पाण्यासह. वर जायला दीड-दोन तास, उतरायला दहा मिनिटं. उद्यानात परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही. दुपारी सेसरिमची दरी बघा: किलोमीटरभर लांब, तीस मीटरपर्यंत खोल. बादली पाण्यापर्यंत पोचवायला चामड्याचे सहा पट्टे जोडावे लागत, त्यावरून तिचं नाव पडलं.

किनारा

सेसरिमहून सॉलिटेअर ८३ किलोमीटर. तिथे डिझेल भरा आणि बेकरीतला ‘अ‍ॅपल पाय’ खा. पुढे मकरवृत्ताची पाटी, गौब आणि कुईसेबचे घाट, आणि वॉल्विस बेपर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरात पंपच नाही. वॉल्विस बेच्या खाजणात रोहित पक्षी भरतीच्या वेळी रस्त्याजवळ येतात. सँडविच हार्बरला वाळूची टेकडी थेट समुद्रात उतरते, पण तिथे स्वतःची गाडी नेऊ नका. भरती आली की वाळूची भिंत आणि पाणी यांमध्ये वाटच उरत नाही. स्थानिक चालक भरतीची वेळ बघून नेतात. केप क्रॉसची सीलची वसाहत स्वाकोपमुंडच्या उत्तरेला १२० किलोमीटरवर. वास उग्र असतो, नाकाला रुमाल हवा. किनाऱ्याचा मिठाचा रस्ता धुक्यात ओला झाला की तेलासारखा निसरडा होतो.

एटोशा

नागपूरकराला जंगल नवं नाही, पण एटोशात काही सवयी सोडाव्या लागतात. इथे जिप्सी नाही, सोबत गाइड नाही, सकाळ-दुपारची फेरी नाही. सूर्योदय ते सूर्यास्त आपली गाडी, आपला नकाशा. वेगमर्यादा ६०, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. उद्यान बावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं, त्यातलं जवळजवळ ४८०० पांढरं क्षारपटल.

ताडोब्यात आपण वानराच्या आणि चितळाच्या कॉलवर चालतो. इथे मोकळं रान आहे, तेव्हा कानांपेक्षा डोळ्यांवर चालायचं. जिराफ पाणी न पिता एकाच दिशेला बघत उभा असेल, स्प्रिंगबॉकचा कळप दाटून एकाच बाजूला तोंड करून थांबला असेल, तर त्या दिशेच्या झुडपाखाली दुर्बीण लावा. सिंह बहुतेक तिथेच पहुडलेला असतो. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण माणशी एक असावी, भांडणं होत नाहीत. फेऱ्या मारत सुटणाऱ्यांपेक्षा एका पाणवठ्यावर इंजिन बंद करून दोन तास बसणाऱ्यांना जास्त दिसतं. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलेल्यांना हे सांगायला नको.

दोन रात्री ओकौकुएयो, एक हलाली, एक नामुटोनी असे पूर्वेकडे सरका; प्रत्येक टप्पा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा. कॅम्पमध्ये पोचताच स्वागतकक्षातली नोंदवही वाचा, कोणी कुठे काय पाहिलं ते पर्यटक त्यात लिहितात. नेब्राउनीच्या पाणवठ्याला दुपारी हत्ती. क्षाराच्या धुळीने पांढरे झालेले. साल्वाडोराचा पाणवठा क्षारपटलाच्या अगदी काठावर. चुडोब आणि क्लाइन नामुटोनी पूर्वेला. हत्ती रस्ता ओलांडत असतील तर कळपाच्या मधून गाडी घालू नका आणि मागे सरायला जागा कायम ठेवा.

ओकौकुएयोचा पाणवठा रात्रभर मंद दिव्यात असतो आणि कॅम्पच्या भिंतीआतून बघता येतो. जेवण उरकून आठ वाजता जॅकेट, कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा घेऊन बाकावर बसा. बोलायचं नाही, टॉर्च मारायचा नाही. काळा गेंडा येतो तो आधी दिसत नाही; पाण्यात त्याचं उलटं प्रतिबिंब हलतं, मग नाकपुड्यांतून सोडलेला श्वास ऐकू येतो, मग तो उजेडात येतो. दोन गेंडे समोरासमोर आले तर फुरफुरत, मागेपुढे सरत बराच वेळ उभे राहतात. जगात फार कमी ठिकाणी हे असं, बाकावर बसून, दिसतं. त्याचा फोटो टाकताना जागेची खूण आणि तारीख काढून टाका. शिकारी टोळ्या हेच शोधत असतात.

१७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले आठ चित्ते याच देशातून आले, म्हणून बरेच जण एटोशात चित्ता शोधतात. पण नामिबियातले बहुतेक चित्ते उद्यानांबाहेर, खासगी शेतजमिनींवर राहतात. दिसला तर नशीब. पाणघोडा, मगर आणि रानरेडा एटोशात नाहीत. त्यासाठी ईशान्येचा झांबेझी प्रदेश. कॅम्पमध्ये हनी बॅजर आणि कोल्हे कचरापेटीपाशी फिरतात. अन्न आणि चपला दोन्ही गाडीत बंद. आतल्या पंपांवर कधी डिझेल संपलेलं असतं, त्यामुळे उद्यानाआधीच्या आऊट्जो गावात टाकी भरूनच आत शिरा.

नामुटोनीहून विंडहुक सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटर, सगळा डांबरी. सूर्योदयाला दार उघडताच निघा. वाटेत पशुवैद्यकीय नाका लागतो. उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेऊ देत नाहीत, उरलं असेल तर आदल्या रात्रीच शिजवून संपवा.

विमानतळ विंडहुकपासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे. उड्डाणाच्या आधी चार तास गाडी परत करायला पोचा, कारण तपासणी उजेडात आणि आपल्यासमोर झाली पाहिजे. आधी पंपावर गाडी धुऊन घ्या. धुळीखालचे जुने ओरखडे नवे ठरवले जातात, आणि तेव्हाच पहिल्या दिवशीचा व्हिडिओ काढून दाखवायचा. उरलेले नामिबियन डॉलर तिथल्याच दुकानात संपवा. पीतज्वराचं पिवळं पुस्तक सामानात टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच्या आरोग्य खिडकीवर ते लागतं.